माशी चावलीच नव्हती!

शेलूबाजारपासून थोडं पुढे, डांबरी रस्त्याला लागून पंजाबरावांचा मळा आहे. वांगी, दोडकी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा सगळा भाजीपाला. बाजारात गिऱ्हाईक आधी पंजाबरावांच्या सांभाराच्या जुड्या उचलतं आणि मग बाकीच्यांकडे वळतं. या मळ्याची आणखी एक ख्याती होती. इथे गांधीलमाशा फार, असं अख्खं गाव सांगायचं.

पंजाबरावांचा हात कोपरापर्यंत सुजला, की गांधीलमाशी चावली. त्यांचा मुलगा दिनेश ओठ फुगवून बसला, की गांधीलमाशी चावली. दिनेशच्या सात वर्षांच्या हर्षलचा डोळा सुजून बंद झाला, तर तीही गांधीलमाशीच! शेजारच्या बांधावर त्याच माशा उडत होत्या, पण चावायला त्यांना म्हणे याच एका घराचं अंग आवडायचं. मळ्यात माशीचं पोळं कोणी कधी पाहिलं नव्हतं आणि ते कुठे आहे असं कोणी विचारलंही नव्हतं. खोटं सोयीचं असलं की माणसं किती शहाणी होतात पाहा!

खरी गोष्ट अशी होती, की त्या घरातल्या काही माणसांच्या अंगाला आपोआप सूज यायची. खाज नाही, पुरळ नाही, काट्याची खूण नाही. कधी हात, कधी पाय, कधी ओठ सुजायचा आणि दोन-तीन दिवसांनी सूज आपोआप उतरायची. कधी सूज पोटात यायची आणि माणूस गडबडा लोळायचा. दिनेशचं तर पोट दुखतं म्हणून अपेंडिक्ससुद्धा काढून झालं होतं. पोट त्यानंतरही दुखतच होतं.

पण घराण्यात काही आहे हे बाहेर कळलं, तर सोयरीक कोण करणार? म्हणून पंजाबरावांच्या वडिलांनी केव्हातरी ही माशी शोधून काढली. ती पंजाबरावांच्या लग्नाला उपयोगी पडली, दिनेशच्या लग्नाला पडली आणि आता धाकट्या सुचिताच्या लग्नापर्यंत तिला सांभाळायचं होतं. शेतातलं अवजार द्यावं तसं हे खोटं बापाने मुलाच्या हाती दिलं होतं.

दिनेशची बायको साधना सून म्हणून आली, तेव्हा तिनेही माशीवर विश्वास ठेवला. हर्षलचा गाल पहिल्यांदा सुजला तेव्हा पोराला मांडीवर घेऊन ती काटा शोधत बसली होती. काटा काही सापडला नाही. तेव्हा सासूने, सीताबाईने, तिला चुलीजवळ बसवून सांगितलं होतं, "हे घरातलंच हाये. आपोआप उतरते. तू तोंडातून काढजो नको. सुचिताचं लग्न होऊन जाऊ दे, मंग दाखवू मोठ्या डाक्टरले."

आणि तोपर्यंत? तोपर्यंत शेलूबाजारच्या दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांनाही तेच सांगायचं, गांधीलमाशी चावली. डॉक्टर बिचारे माशीवरचं इंजेक्शन द्यायचे. दोन दिवसांनी सूज आपल्या वेळेने उतरायची आणि घरातले म्हणायचे, इंजेक्शन लागू पडलं! वाचकहो, शेजाऱ्याशी खोटं बोलणारे आपण सगळेच आहोत. पण स्वतःच्या लेकराची नाडी ज्याच्या हातात दिली, त्याच्याशीही खोटं? आणि ते कशासाठी, तर उद्या दारात येणाऱ्या पाहुण्यासाठी!

तो पाहुणा एका रविवारी आला. कारंज्याकडचे रामकिसन, त्यांची बायको आणि मुलगा भागवत, असे तिघे आपल्या गाडीने सुचिताला पाहायला आले. घर चांगलं होतं, मुलगा शिकलेला होता. सीताबाईने आदल्या दिवसापासून अंगण सारवलं, पितळी भांडी घासली, सुनेला चार वेळा सांगितलं, की पोह्यात शेंगदाणे भरपूर टाक. हर्षलचा पुढचा दुधाचा दात हलत होता आणि तो सारखा जिभेने ढकलत बसायचा. पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही म्हणून आजीने त्याच संध्याकाळी त्याला दोरा बांधला आणि हिसका दिला. दात निघाला, थोडं रक्त आलं, पोरगं हसलं.

सकाळी त्याचा वरचा ओठ सुजला होता.

"आता पाहा!" सीताबाईने कपाळाला हात लावला. "आजच मुहूर्त भेटला याले!"

हर्षलला मागच्या खोलीत, कांदे पसरून ठेवलेल्या जागी बसवलं. पाहुण्यांनी विचारलं तर नातू मामाच्या गावाला गेला, असं सांगायचं ठरलं. दिनेशने मान हलवली. साधना काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली आणि सगळ्यांचे चेहरे बदलून हसरे झाले.

बैठकीत बोलणं रंगलं. शेतीचं झालं, पाण्याचं झालं, नातू मामाच्या गावाला गेल्याचंही सांगून झालं. मग रामकिसनने पाय पोटाशी ओढून घेतले आणि मुद्द्याला हात घातला. "पंजाबरावजी, आपल्यात लपवालपवी नको. घराण्यात काही दुखनं-बिखनं? फिट, दमा, कोड? इचारलेलं बरं असते."

पंजाबराव हसले. "पाहुणे, आमचं घरानं धुतल्या तांदळासारखं हाये. कोनालेही इचारा गावात."

याच वेळी मागच्या खोलीचं दार ढकलून हर्षल स्वयंपाकघरात आला. त्याचे दोन्ही ओठ सुजले होते, हनुवटी ओली झाली होती. लाळ त्याला गिळता येत नव्हती. त्याने तोंड उघडलं आणि जो आवाज बाहेर आला तो त्याचा नव्हताच. घोगरा, दबलेला, म्हाताऱ्या माणसाचा आवाज. "आई, मले थुका गिळता येऊन नाही राह्यलं."

साधनाच्या हातातला झारा कढईत पडला.

"चला, दवाखान्यात चला!" तिने दिनेशचा हात धरला. "गळ्यात गेली हो सूज. आवाज आयका त्याचा!"

सीताबाईने दार अडवलं. "हळू बोल. पाहुणे आयकतीन. घडीभराचा प्रश्न हाये. चहा झाला की जाते ते. मंग ने."

"घडीभर? अवो आई, पोट्टं गुदमरून राह्यलं!"

"आजपर्यंत कितीक डाव सुजलं. उतरलं ना? आज सुचिताचं जमून राह्यलं. एक दिस दम काढता येत नाही तुले?"

दिनेश काय करत होता? तो दोघींच्या मध्ये उभा राहून कधी आईकडे तर कधी बायकोकडे पाहत होता. स्वतःच्या डोळ्यांदेखत स्वतःचा मुलगा श्वासासाठी मान ताणतो आहे आणि हा बाप म्हणतो, "साधना, पाच मिंटं थांब ना." संताप येतो की नाही? मलाही येतो लिहिताना. पण दिनेश वाईट माणूस नव्हता. लहानपणापासून एकच धडा त्याने पाठ केला होता, की आधी घराण्याचं नाव आणि मग घरातलं माणूस.

चहाचा ट्रे न्यायला सुचिता आत आली. नवी साडी, डोक्यावर पदर. तिने भाच्याकडे पाहिलं. हर्षलने आत्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला आणि त्याच्या गळ्यातून शिट्टीसारखा बारीक आवाज आला.  सुचिताने ट्रे उचलला, ती बैठकीत गेली, तो पाहुण्यांसमोर न धरता खाली जमिनीवर ठेवला आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला.

"बाबा खोटं बोलून राह्यले," ती म्हणाली. "आमच्या घरान्यात दुखनं हाये. बाबाले हाये, दादाले हाये. मले हाये का नाही, मालूम नाही. आमचा हर्षल मामाच्या गावाले नाही गेला, तो मांगं कांद्यात बसवला हाये आन् त्याचा गळा सुजून राह्यला. तुमची गाडी दाराशी उभी हाये. पोरगी पसंत करा का नका करू, पन आता गाडी द्या!"

 पंजाबरावांचं तोंड उतरलं. "सुचिता!" एवढंच ते ओरडले.

"ओरडू नका बाबा! माह्या लग्नासाठी लेकराचा जीव घेता काय?"

रामकिसन जागचे हलले नाहीत. उठला तो भागवत. त्याने वडिलांकडे पाहिलंही नाही. "किल्ली माह्याजवळ हाये. आना त्याले," म्हणत तो बाहेर पडला. साधना पोराला उचलून धावली, मागून दिनेश, मागून सुचिता. शेवटी पंजाबराव चप्पल न घालताच गाडीत चढले. सीताबाई दारातच उभी राहिली आणि रामकिसनची बायको गार होत चाललेल्या चहाकडे पाहत बसली.

रविवारी शेलूबाजारचा दवाखाना बंद, म्हणून भागवतने गाडी थेट कारंज्याला नेली. तिथे लहान मुलांच्या डॉक्टर रेणू राठोड यांचा दवाखाना आहे. बाई जवळच्याच तांड्यावरच्या. बोलायला तिखट, हाताला हळुवार. त्यांनी हर्षलला पाहताच ऑक्सिजन लावला आणि भुलीच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं. गळा बंद झालाच तर श्वासाची नळी घालावी लागणार होती. आत फक्त आईबाप आणि आजोबांना घेतलं. सुचिता बाहेर राहिली.

"काय झालं होतं?" इंजेक्शन भरता भरता डॉक्टरांनी विचारलं.

आणि दिनेश, ज्याच्या डोळ्यांसमोर पोरगं निळं पडत होतं तो दिनेश, म्हणाला, "गांधीलमाशी चावली, मॅडम."

जिभेला सवय लागली की ती अशी बोलते! डॉक्टरांनी माशीवरची इंजेक्शनं दिली. हर्षलच्या छातीकडे पाहत त्या उभ्या राहिल्या. सूज उतरण्याचं नाव घेईना, उलट मानेकडे सरकायला लागली. त्यांनी पोराचे ओठ, गाल, मान बोटांनी तपासली. "कुठं चावली? काटा नाही, लालपना नाही. खाजवून राह्यला का हा?"

"नाही," साधना म्हणाली.

"मंग माशी कुठून आली?"

दिनेशने खाली पाहिलं. पंजाबरावांनी भिंतीकडे पाहिलं. तेव्हा साधना, जिने लग्न झाल्यापासून कालपर्यंत त्या घरात आवाज चढवला नव्हता, ती नवऱ्याला बाजूला सारून पुढे आली.

"माशी चावलीच नाही, मॅडम! कधीच नाही चावली. आपोआप सुजते. याच्या बापाले होते, याच्या आजोबाले होते. काल दात उपटला आन् आज हे झालं. मले एवढंच मालूम हाये. बाकी यायले इचारा." आणि सासऱ्यांकडे वळून ती किंचाळली, "बाबा, बोला ना! का मेल्यावर बोलसान?"

पंजाबरावांचे ओठ हलले. 

"माही मोठी बहीन होती. रुखमा," ते म्हणाले. "तिलेही असंच सुजे. माहं लग्न ठरलं होतं. पाहुणे घरी होते अन् तिचा गळा सुजला. बाबानं तिले कोठ्यात झोपवलं. बोलले, पाहुणे गेल्यावर पाहू. पाहुणे गेले आन् आमी दार उघडलं..." ते थांबले. "तिचा हात दाराच्या कडीले होता, मॅडम. मंग बाबानं गावाले सांगतलं, का तिले गांधीलमाशा चावल्या."

साधनाने तोंडावर हात ठेवला. दिनेश बापाकडे पाहतच राहिला. आत्या माशीने मेली, असं त्यालाही आजवर सांगितलं होतं. त्याच आत्याचं मरण ज्या माणसाने पाहिलं, तो आज सकाळी नातवाला कांद्याच्या खोलीत बसवून पाहुण्यांपुढे हसत होता!

डॉक्टर रेणू यांच्या डोळ्यांत राग उतरला, पण हात थांबले नाहीत. हा कोणता आजार आहे ते आता त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी फोन उचलला. या आजारावरचं खास इंजेक्शन त्यांच्याकडे नव्हतं, ते मोठ्या शहरातून मागवावं लागणार होतं. तोवर रक्तातला प्लाझ्मा देता येणार होता. रक्तपेढीतून प्लाझ्मा आणायला भागवतचीच गाडी निघाली. भुलीचे डॉक्टर हर्षलच्या उशाशी नळी तयार ठेवून बसले. साधना त्याचा हात धरून होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिचे ओठ हलत होते. पंजाबराव दाराबाहेर उघड्या पायांनी उभे होते. बाकावर जागा होती, पण ते बसले नाहीत.

प्लाझ्मा चढला. नळी घालायची वेळ आली नाही. शिट्टीचा आवाज हळूहळू कमी झाला, मान मोकळी झाली आणि उन्हं कलताना हर्षल थुंकी गिळून म्हणाला, "आई, भूक लागली." साधना रडली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सीताबाई डबा घेऊन आली. नातवाच्या तोंडावरून हात फिरवला, पण तिचा ताठा अजून गेलेला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, इतके दिस खरं काहून नाही सांगतलं?" तशी ती उसळली. "सांगतलं असतं तं माह्या पोरीले कोन पत्करलं असतं? तुमी शिकल्या-सवरल्या हा, तुमाले काय होते बोलाले? बाईच्या जातीले लागलेला डाग धुतल्या जात नाही."

"डाग?" डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "आजी, रक्तात एक द्रव्य असते. अंगावरची सूज आवरून धरते ते. काही मान्सात जन्मापासूनच ते कमी असते, नाहीतं नीट काम करत नाही. आईकडून येते, नाहीतं बापाकडून येते. पोरगा असो का पोरगी, निम्मे चान्स सारखेच. यात कोनाचं पाप नाही, कोनाची नजर नाही, देवाचा कोप नाही. हे शिवल्यानं लागत नाही. दात काढला, मार बसला, मोठा ताप आला, का सूज उठू शकते. म्हनून दात काढायच्या आधी डाक्टरले सांगा लागते. आता सांगा, यात डाग कुठं हाये?"

सीताबाईने डबा मांडीवर ओढून घेतला.

"माशीचं इंजेक्शन या सुजेले लागू पडत नाही. मी काल तेच दिलं, कारन तुमच्या पोरानं मले तेच सांगतलं. तितका वेळ गेला. हा आजार हजारात नाही, लाखातल्या दोघा-चौघाले होते. आमच्यातल्या कित्येकाले तो लवकर वळखू येत नाही, हे मले कबूल हाये. पन ज्या डाक्टरले घरच्यायनं खोटं सांगतलं, त्यानं काय वळखावं? तुमच्या दिनेशचं पोट फाडलं, अपेंडिक्स काढलं. आतून सूज होती ती! एक शब्द खरा बोलले असते तं ते पोट वाचलं असतं." डॉक्टरांचा आवाज चढला. "तुमी आजाराले लपवलं नाही, आजी. तुमी औषधाले लपवलं!"

सीताबाईने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग पदर डोळ्यांना लावून ती हुंदके द्यायला लागली. "कालच्या दिशी मी दार अडवलं व माय. मीच अडवलं." साधनाने तिला जवळ घेतलं नाही. इतक्या लवकर ते जमण्यासारखं नव्हतं. ती फक्त सासूच्या हातातून डबा घेऊन हर्षलला भरवायला लागली.

मग सगळ्यांचं रक्त तपासायला मोठ्या शहरात गेलं. पंजाबराव, दिनेश आणि हर्षल या तिघांना तोच आजार निघाला. हर्षलला गोळ्या सुरू झाल्या, अडीअडचणीला लागणारं इंजेक्शन मागवून ठेवलं आणि शाळेत जाऊन साधनाने मास्तरांना सगळं नीट समजावून सांगितलं. सुचिताला काहीही निघालं नाही. ज्या पोरीच्या लग्नासाठी हे सगळं लपवलं, जिच्यासाठी एका लेकराचा गळा बंद होईपर्यंत घर हसत बसलं, तिच्या रक्तात तो आजार नव्हताच! हसावं की रडावं?

रामकिसनकडून नकार आधीच आला होता. सीताबाई म्हणाली, "आता त्यायले कळवू ना, का पोरगी साफ हाये. पोरगं भलं हाये, जमून जाईन."

"काही कळवाचं नाही," सुचिता म्हणाली. "साफ म्हंजे काय व आई? निघालं असतं तरी मी हेच असती ना? माहं रक्त पाहून जो हो म्हनते, तो उद्या माह्या लेकराचं रक्त पाहून मले हाकलून देईन. दादा अन् हर्षल काय खराब हायेत?"  दिनेश ओट्यावर बसून ऐकत होता. तो उठला आणि बहिणीच्या डोक्यावर नुसता हात ठेवून मळ्यात निघून गेला.

हर्षलला घरी सोडताना डॉक्टर रेणू यांनी एक गोष्ट बजावली होती. रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना सांगा. पंजाबरावांचा सख्खा चुलतभाऊ गणेश रिठदला राहतो. एका सकाळी पंजाबराव त्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

गणेशने बाज टाकली, पाणी दिलं. पण पंजाबरावांनी विषय काढताच तो ताडकन उठला. "हळू बोला दादा! आमच्या घरी असं काही नाही. दोन नाती हायेत माह्या. उद्या लग्नाच्या होतीन. तुमच्या घरचं तुमच्या घरी ठेवा."

"गनेश, तुह्या बापाचे हात सुजत. आपन दोघायनंबी पाहेल हाये."

"उन्हानं सुजत. तुमी जा आता."

आतून कोणा लहान मुलीचं कण्हणं ऐकू येत होतं. मध्येच ते थांबायचं, कोणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखं. पंजाबरावांनी ते ऐकलं. ते बाजेवरून उठले आणि दारातून बाहेर जाण्याऐवजी अंगणाच्या मधोमध खाली बसले.

"दादा, लोक पाहून राह्यले. उठा!"

"पाहू दे." आयुष्यभर हळू बोलणारा तो माणूस आता शेजारच्या घरांत ऐकू जाईल असं बोलत होता. "गनेश, माही रुखमा माशीनं नाही मेली. आमी तिले कोठ्यात कोंडून मारलं. पाहुण्याच्या लाजेनं मारलं! मी तवा गप्प बसलो. माहा नातू मरता मरता वाचला, तवाबी मी गप्पच बसलो होतो. आता नाही बसत. तुले मले शिव्या द्याच्या असतीन तं दे, हाकलाचं असन तं चार मानसं बोलाव. तुही नात डाक्टरकडे गेल्याबिगर मी इथून उठत नाही."

गणेशचा चेहरा लालबुंद झाला. भिंतींवरून माणसं डोकावायला लागली. एक म्हातारी म्हणाली, काय झालं वो?  गणेश पंजाबरावांचा दंड धरून ओढू लागला. पंजाबराव हलले नाहीत.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. गणेशची सून बाहेर आली. तिच्या कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी होती, पोट आवळून धरलेली, पाय सुजून टम्म झालेला. सासऱ्यांकडे न पाहता ती थेट पंजाबरावांसमोर येऊन उभी राहिली.

"मोठे बाबा," ती म्हणाली, "तीन दिसापासून रडून राह्यली. मले कोनी नेऊ देत नाही. कोन्या डाक्टरकडे नेलं होतं हर्षलले?"

पंजाबराव उठले. त्यांनी मुलीला आपल्या कडेवर घेतलं आणि रस्त्याकडे चालू लागले. गणेशने एकदा हात पुढे केला, पण अडवण्याचा धीर त्याला झाला नाही. थोड्या वेळाने तोही चप्पल घालून त्यांच्या मागे निघाला.

वाचकहो, अशा आजाराची माणसं कमी असतील. पण आजार झाकणारी घरं आपल्या गल्लीगल्लीत आहेत, आणि खरं सांगितलं म्हणून सोयरीक मोडणारे पाहुणेही आपणच आहोत! आजार रक्तातून येतो, त्यात कोणाचा दोष नाही. पण त्याला लाज आपण चिकटवतो आणि त्या लाजेपायी आपली लेकरं मरतात. पुढच्या वेळी मुलगी पाहायला जाल तेव्हा घराणं साफ आहे का, हे विचारू नका. घरातलं लेकरू आजारी पडलं तर तुम्ही पाहुण्यांपुढून उठता का, हे विचारा. आणि आपल्या घरात काही असेल, तर आजच डॉक्टरांना खरं सांगा. पाहुणे थांबतील. लेकराचा श्वास कोणाची वाट पाहत नाही.